सोमवारची छाती

मला हवं होतं हॉस्पिटल आणि मिळाली मिल. समाजकार्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी सहा महिने कुठेतरी बाहेर जाऊन काम शिकावं लागे. मैत्रिणींपैकी कुणाला बालरुग्णालय मिळालं, कुणाला अंधशाळा. माझ्या वाट्याला नागपुरातल्या एका कापड गिरणीचं 'कामगार आरोग्य शिक्षण केंद्र' आलं. नाव भारदस्त होतं, त्यामुळे वडील खूश झाले आणि दोन दिवस मीही झाले. प्रत्यक्ष पाहिल्यावर सगळी हौस उतरली. केंद्र म्हणजे कार्डिंग खात्याच्या भिंतीला चिकटवलेली एक पत्र्याची खोली. कार्डिंग म्हणजे कापूस विंचरून त्याचे पेळू करतात ते खातं. तिथली धूळ दिवसभर हवेत तरंगत असे. आमच्या खोलीला एक खिडकी होती. ती उघडली की कापूस आत येई आणि बंद ठेवली की आम्ही भट्टीत. सत्तर सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट, आणि महिना मे. नागपूरचा मे ज्याने पत्र्याखाली काढला नाही त्याने माझ्याशी उकाड्याबद्दल बोलूच नये.

खोलीत स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, जरा पुढे वाकून एक गृहस्थ बसले होते. काळी टोपी, धुवट पांढरा शर्ट आणि वर वळवलेल्या मिशा. त्या मिशांसाठी वरच्या खिशात वेगळी कंगवी. मला वाटलं, आता उठून 'या' म्हणतील. ते उठले नाहीत. माझ्याकडे नीट पाहून त्यांनी विचारलं, "श्वास कसा हाय?"

मी म्हटलं, "बरा आहे."

"मंग बसा," म्हणाले.

हे केशवराव धकाते. अख्खी मिल त्यांना मास्तर म्हणे. शाळा चौथीपर्यंत. मिसरूड फुटायच्या आत कार्डिंगला लागले, आणि पुढे छाती धरायला लागली तेव्हा साहेबांनी त्यांना मशीनवरून काढून या खोलीत आणलं. बोलायला पटाईत माणूस, तेव्हा कामगारांना आरोग्य शिकव, असं झालं. हजेरीपटावर नाव मात्र कार्डिंगचंच राहिलं. 'श्वास कसा हाय' हा त्यांचा रामराम होता. मुकादमाला तोच, साहेबाला तोच, चहावाल्यालाही तोच. चहावाला 'एकदम फर्स्ट क्लास' म्हणायचा आणि मास्तर खरोखरच त्याच्या छातीकडे बघून मान हलवायचे.

पहिल्याच दिवशी दुपारी मला खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांतून पाणी. मी पर्स उचलली आणि तरातरा गेटवर गेले. दरवान म्हणाला, पाळी सुटल्याशिवाय गेट उघडत नाही. मी कामगार नाही, शिकायला आले आहे, असं त्याला दोनदा समजावलं. त्याने दोन्ही वेळा तेच वाक्य ऐकवलं. परत आले तर मास्तरांनी गुळाचा खडा पुढे केला. "मिल हाय पोरी," म्हणाले. "आत यायले चिठ्ठी लागते. भायेर जायले भोंगा लागते." तो खडा मी रागारागाने चघळला. त्यानंतर रोजच चघळत आले. सहा महिने तिथून सुटका नव्हती. प्रमाणपत्रावर मिलची सही लागायची, आणि ते नसेल तर वर्ष वाया. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पाळी बदलायच्या वेळी आवारातल्या कडुनिंबाखाली मास्तरांचा वर्ग भरे. यायला कुणी तयार नसायचं, पण वर्ग संपल्यावर गूळ मिळायचा. गुळाने घशातली धूळ उतरते असं सगळे मानत, मास्तरही मानत. केंद्राचा निम्मा खर्च त्या गुळावर होता. बसण्यापूर्वी प्रत्येकाने तंबाखूची चंची मास्तरांच्या टोपलीत टाकायची, असा दंडक. वर्ग संपला की मास्तर एकेक चंची नाकाशी धरत आणि ज्याची त्याला परत देत. चुकत कधी नसत. एकदा पोट्ट्यांनी मुद्दाम दोन चंच्यांतला तंबाखू आपसांत बदलला. मास्तरांनी वास घेतला आणि चंच्या न देता दोघांनाही उभं केलं. म्हणाले, तंबाखू बदलला, आता बायका सांभाळा. लोक हसून लोळले आणि त्या हशातच त्यांनी दात कसे किडतात ते सांगून टाकलं. मला कॉलेजात दोन वर्षं 'संवादकौशल्य' शिकवलं होतं. ते असं असतं हे तिथे कळलं.

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रयोग फुग्याचा. छाती किती धडधाकट आहे हे दाखवायला ते एकेकाला रबरी फुगा देत आणि एका दमात फुगवायला सांगत. लोकांना चेव यायचा. पुढे साहेबांनाही ही कल्पना इतकी आवडली की नवीन पोरं कामावर घेताना मास्तरांच्या फुग्याची परीक्षा ठरूनच गेली. फुगा फुगला तर कार्डिंगला पास, नाही फुगला तर घरी. 'छाती मास्तरांनी पाहिली का?' हा साहेबांचा शेवटचा प्रश्न असायचा. मास्तर नाही म्हणाले तर त्या पोराचा बाप गुरगुरायचा, पण आजवर त्यांचा शब्द कधी फिरवला गेला नव्हता.

साहेब म्हणजे कल्याण अधिकारी पाठक. वाईट माणूस नव्हता तो. दर दिवाळीला स्वतःच्या हाताने मिठाई वाटायचा. एकदा वरच्या ऑफिसातून पाहुणे आले आणि पाठकसाहेबांना हौस आली. हे आमचे मास्तर, म्हणाले, इतकी वर्षं कार्डिंगमध्ये काढली, पण छाती बघा. मास्तर, दाखवा बरं. मास्तरांनी फुगा तोंडाला लावला. त्यांचे गाल फुगले, मानेच्या शिरा तट्ट झाल्या, पण फुगा लिंबाएवढाही झाला नाही. मास्तरांनी फुगा काढला, उजेडात धरला आणि पाहुण्यांना सांगितलं, "भोक हाय. मिलचा माल." पाहुणे हसले, साहेब हसले. मागे उभे असलेले कार्डिंगवाले सगळ्यात जोराने हसले. फुग्याला भोक नव्हतं हे त्यांच्यातल्या एकूण एकाला ठाऊक होतं. मला ते नंतर खोलीत कळलं. मास्तर स्टुलावर हात टेकून, पुढे वाकून धापा टाकत होते. मी पाणी दिलं. मिशा कंगवीने नीट केल्यावरच ते पाणी प्यायले.

कॉलेजला एका कामगाराच्या घराची माहिती लिहून द्यायची होती. म्हणून मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. मिलच्या मागेच क्वार्टरच्या रांगा होत्या. दोन खोल्या, पुढे वीतभर ओसरी, आणि त्या ओसरीत मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, तुळस, कढीपत्ता, अबोली असं सगळं कोंबलेलं. काकू भाकरी थापत होत्या. मास्तर घरी नव्हते, मुलगा विलासही नव्हता. दोघं मिलमध्ये गेले, म्हणाल्या. मी म्हटलं, आज सुट्टी ना? काकूंनी भाकरी उलटली. "सुट्टीच्या दिवशी घरी रायले तं सोमवारी जीव जाते ह्यायचा," म्हणाल्या. "म्हणून जाते."

मला काही उमगलं नाही. मी मिलकडे गेले. रविवारी मशीनची सफाई चाले, दरवान ओळखीचा झाला होता. कार्डिंगमध्ये एरवीपेक्षा जास्त धूळ होती, कारण सफाईवाले झाडून सगळं वर उडवत होते. आणि त्या धुळीत, भिंतीकडेने, दहा-बारा माणसं आरामात बसली होती. कुणी पत्ते खेळत होतं, कुणी दाढी करून घेत होतं. मास्तर उलट्या टोपलीवर बसले होते. शेजारी विलास. एकोणीस-वीस वर्षांचा, खांद्याने रुंद, बापासारखंच नाक. तो पेपर वाचत होता.

"काय करून राहिले मास्तर इथे?" मी विचारलं.

"हवा खाऊन राहिलो," ते शांतपणे म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. वर्गात सांगत तसंच, हौसेने. कार्डिंगच्या माणसाची छाती सोमवारी आवळते. मंगळवारी जरा सैल होते, शनिवारपर्यंत माणूस चांगला होतो. रविवारी घरी बसला की सोमवारी पुन्हा तेच. म्हणजे दोष कुणाचा? रविवारचा. एका दिवसात छातीची सवय तुटते. तेव्हा रविवारीही येऊन तासाभर बसायचं, सवय तुटू द्यायची नाही. हा उपाय त्यांनी स्वतःच शोधला होता, स्वतःवर करून पाहिला होता आणि खात्यातल्या प्रत्येकाला शिकवला होता. आणि तो लागू पडत होता, हे तर सगळे छाती ठोकून सांगत. विलासला ते वर्षभरापासून दर रविवारी आणत होते. मिलमध्ये पद्धत अशी की बापाने नाव सोडलं की त्याच्या जागी मुलगा लागतो, पण त्याच खात्यात. मास्तर येत्या दिवाळीला निवृत्त होणार होते. विलास लागला तरच क्वार्टर राहणार होतं. "मले पयल्या वर्षी लय तरास झाला," मास्तर म्हणाले. "पोट्ट्याले नको. त्याची छाती आत्ताच तयार करून ठेवतो."

विलास पेपरातून डोकं न काढता हसला. बाप आपल्यासाठी काहीतरी करतो आहे याचं पोराला जे बरं वाटतं, ते हसू होतं ते.

आमच्या कॉलेजात आरोग्यशास्त्र शिकवायला एक डॉक्टरीणबाई येत. मी त्यांना हे गंमत म्हणून सांगितलं. त्यांना हसू आलं नाही. त्यांनी मला बसवून घेतलं. कापसाच्या धुळीनेच छाती आवळते, म्हणाल्या. सुट्टीनंतर शरीर पुन्हा ताजं झालेलं असतं, म्हणून सोमवारी ते ओरडतं. शनिवारपर्यंत माणूस बरा होत नाही, शरीर ओरडायचं थांबतं इतकंच. आणि आत जे बिघडायचं ते बिघडतच राहतं. पुढे सोमवार आणि शनिवार सगळे सारखेच होतात. मग तो माणूस बाहेर आला तरी फार उपयोग नसतो. तरुण असेल आणि वेळेवर बाहेर पडला तर वाचतो.

घरी येताना सायकल मला जड लागली. वाटलं, सांगूच नये. मग विलास डोळ्यांपुढे आला आणि माझा मलाच राग आला. सोमवारी खिडकी बंद करून मी मास्तरांना सगळं सांगितलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत, त्यांच्याकडे न बघता. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मी संपवल्यावर विचारलं, "म्हंजे रविवार काईच बिघडवत नाई?"

"नाही."

"रविवारीच मानूस बरा होत होता."

"हो मास्तर."

ते गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. भिंतीपलीकडे मशीनं चालू होती आणि नेहमीप्रमाणे आमच्या खोलीचा पत्रा थरथरत होता. मग म्हणाले, "मंग म्या काय शिकवलं वं एवढी वर्षं?" आपल्या विद्येने माणसाचं भलं होतं असं मानून मी ते शिक्षण घ्यायला आले होते, आणि माझ्या पहिल्याच विद्येने एका भल्या माणसाला असं बसवून ठेवलं होतं.

त्या दुपारी कडुनिंबाखालच्या वर्गात त्यांनी चंच्या गोळा केल्या नाहीत. उभे राहिले आणि सरळ म्हणाले, रविवारी मिलमध्ये येऊ नका, घरी बसा, मी चुकीचं सांगत होतो. लोकांना वाटलं, मास्तर फिरकी घेताहेत. मग कळलं की खरंच म्हणताहेत, तेव्हा ते चिडले. एक म्हातारा कामगार उठून म्हणाला, मास्तर, तुमच्या सांगण्यावरून मी येतो आणि माझा सोमवार चांगला जातो. न आलो तर सोमवारी माझं मशीन तुम्ही चालवाल का? दुसरा म्हणाला, साहेबांनी सांगायला लावलं असेल. मास्तर वाद घालायला गेले, पण दम लागला आणि बोलणं अर्ध्यात राहिलं. लोक गूळ घेऊन निघून गेले. त्यांनी इतकं चांगलं शिकवून ठेवलं होतं की ते आता त्यांनाच पुसता येईना. पुढच्या रविवारी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. भिंतीकडेने सगळे तसेच बसले होते.

मग त्यांनी एकच धरलं, विलास. पाठकसाहेबांकडे गेले आणि पोराला विणकामाला घ्या, शिपाई म्हणून घ्या, झाडायला घ्या, पण कार्डिंगला नको, म्हणाले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि नाही म्हटलं. एकाला खातं बदलून दिलं तर उद्या कार्डिंगला कोण येईल, मास्तर? तेही खरंच होतं. मग ते विलासशी बोलले. हे मला काकूंकडून कळलं. विलासने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मी लागलो नाही तर क्वार्टर जाईल. आई कुठे राहील? आणि धूळ वाईट असती, तो म्हणाला, तर तुम्हीच मला वर्षभर नेऊन बसवलं असतं का? या वाक्यावर मास्तर उठून ओसरीत जाऊन बसले, ते जेवायलाही आत आले नाहीत. विलास पुढच्या रविवारी एकटाच मिलमध्ये गेला. इकडे आड आणि तिकडे विहीर, पण पोराचं पाऊल आडाकडेच पडत होतं, आणि वाट बापाने दाखवलेली. काकू मला सांगताना पदराने तोंड पुसत होत्या. डोळे पुसले असते तर बरं वाटलं असतं मला.

दिवाळीच्या आधी नवीन पोरांची परीक्षा झाली. खोलीत आठ-दहा पोट्टे, दारात त्यांचे बाप, खुर्चीत पाठकसाहेब. मी नावं वाचत होते. मास्तरांनी त्या दिवशी मिशांना तेल लावलं होतं. एकेक पोरगा येई, फुगा फुगवी, मास्तर 'पास' म्हणत. मग मी विलासचं नाव वाचलं.

विलास पुढे आला. त्याने फुगा तोंडाला लावला आणि एका दमात असा फुगवला की तो फट्कन फुटला. खोलीत हशा पिकला. साहेबांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, घ्या, बापाचं नाव राखलं पोराने. विलास तोंडावरचे रबराचे तुकडे पुसत हसत होता.

"नापास," मास्तर म्हणाले.

हसणं थांबलं. साहेबांना वाटलं, चेष्टा आहे. मास्तर त्यांच्याकडे वळले. "याची छाती कच्ची हाय साहेब. रात्री खोकते. म्या बाप हाय, मले मालूम हाय. हा चालत नाई."

"बाबा," विलास म्हणाला, "खोटं काहून बोलून राहिले?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. साहेब सावरून म्हणाले, अहो, फुगा तर फुटला आमच्यासमोर. मास्तर म्हणाले, "या खोलीत छाती म्या पायतो. आजवर माह्या शब्दावर पोट्टे घेतले न् माह्या शब्दावर परत धाडले. आज माह्या पोट्ट्याले घ्या तुमी. अन् म्या परत धाडलेल्यायच्या बापायले उद्या तुमीच सांगा, काहून घेतलं ते."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. दारात त्यातले काही बाप उभेच होते. एकाच्या मुलाला मागच्या वर्षी मास्तरांनीच परत पाठवलं होतं. तो साहेबांच्या तोंडाकडे बघत होता. साहेबांनी स्वतः घालून दिलेली रीत आता त्यांनाच मोडता येईना. त्यांनी टेबलावरची स्वतःची टोपी उचलली आणि मला म्हणाले, "पुढचं नाव वाचा."

मी वाचलं. विलास दारातून बाहेर गेला, तेव्हा लोकांनी त्याला वाट दिली. जरा जास्तच वाट दिली. कच्च्या छातीचा अर्थ त्या काळी एकच होत असे, क्षय. कामठीच्या एका घरी त्याचं लग्न जमत आलं होतं. आठवड्याच्या आत त्यांचा निरोप आला की मुलगी अजून लहान आहे.

मास्तर त्या दिवशी पाळी सुटेपर्यंत खोलीत बसले. मी म्हटलं, मास्तर, त्याला खरं सांगा ना, तो समजून घेईल. ते म्हणाले, सांगून झालं. खरं सांगितलं तर तो आईसाठी मिलमध्ये जाईल. खोटं सांगितलं म्हणून बाहेर राहील. हे बोलायला त्यांना खूप वेळ लागला. मग भोंगा झाला.

क्वार्टर गेलं. काकूंनी तुळस एका डालड्याच्या डब्यात लावून नेली, बाकीची झाडं तिथेच राहिली. माझे सहा महिने संपले, प्रमाणपत्र मिळालं, नोकरी लागली. मास्तर कुठे गेले हे मिलमध्ये कुणी नीट सांगेना. सांगणारे तुटकपणे सांगत. स्वतःच्या पोराच्या पोटावर पाय देणारा बाप, असं त्यांचं नाव झालं होतं.

पुढे काही वर्षांनी अमरावती रोडवर वाडीला माझं काम निघालं. तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांतल्या हमालांची आरोग्य तपासणी होती. कुणीतरी धकाते हमाल असं नाव घेतलं आणि मी चौकशी केली. एका गोदामावर भाड्याची खोली होती, बाहेरून लोखंडी जिना. वर गेले तर दारातच खाटेवर मास्तर. इतके वाळले होते की मी आधी टोपीच ओळखली. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण वळवलेल्या. दोन उशा पाठीशी घेऊन ते बसूनच होते. काकू म्हणाल्या, आडवं होता येत नाही आताशा. मास्तरांनी मला ओळखलं. छातीवर हात ठेवून बोटाने माझ्याकडे दाखवलं, म्हणजे 'श्वास कसा हाय'. मी म्हटलं, चांगला आहे मास्तर. मी तपासणी करायला आलेली बाई, आणि रडत होते.

काकूंनी हलक्या आवाजात घरचं सांगितलं. विलास खाली गोदामात पोती उचलतो. लग्न उशिरा झालं, सून माहेरी गेली आहे, बाळंतपणाला. घर तोच चालवतो, औषध तोच आणतो. पण बापाशी सरळ बोलत नाही. बोलला तर भांडतो. तुम्ही मला भर मिलमध्ये क्षयरोगी ठरवलंत, हे त्याच्या मनातून जात नाही.

इतक्यात खालून जिना वाजला. वर नळ नव्हता, विलास दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन चढत होता. त्याने खालूनच बापाला दारात बसलेलं पाहिलं आणि तिथूनच सुरुवात केली. दारात कायले बसले, रस्त्यावर टरक चालू हाय, धूळ उडून राहिली, ते तुमाले दिसत नाई का, अन् काल डॉक्टरनं सांगितलं होतं का नाई आत झोपा म्हणून, का मले लोकायनं नावं ठेवावी म्हणून बसता, आधीच कमी ठेवली का तुमी माह्यासाठी नावं, अन् गोळी घेतली का सकायची, का तेही म्याच इचारायचं, पोती टाकू का तुमाले पाहू, सांगा ना, आता काहून बोलत नाई, मिलमध्ये तं लय बोलले होते. पायरीमागून पायरी, भरल्या बादल्यांनिशी, वर येईपर्यंत तो दम घ्यायलाही एकदा थांबला नाही. दारात येऊन त्याने बादल्या टेकवल्या आणि तसाच पुढे बोलत राहिला.

माझ्याच्याने राहवेना. मी उठले आणि म्हटलं, "विलास, तुला माहीत नाही, त्या दिवशी मास्तरांनी..."

मास्तरांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात ताकद नव्हती, पण मी थांबले. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मान जराशी कलती करून ते विलासच्या छातीकडे बघत होते.

"बोलू दे... त्याले," म्हणाले. मग बराच वेळ दम घेतला. "आइकून राहिलो म्या."